मालकांना उभं राहू द्या

मासा माझा नव्हता, हे मला स्पर्धेच्या दिवशी कळलं. तोपर्यंत तीन वर्षं मी तो माझाच समजत होते.

आचोळ्याला आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. नवऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं की फ्लॉवरहॉर्न मासा घरात ठेवला की भरभराट होते, साहेबांच्या केबिनमध्येसुद्धा आहे. झालं. एका शनिवारी नवरा टाकी घेऊन आला, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बोटाएवढा एक करडा मासा. दोन दिवस स्वतः टाकीसमोर बसला. तिसऱ्या दिवशी गाडी गाठायच्या घाईत म्हणाला, "त्याला जरा खायला घाल गं." ते 'जरा' तीन वर्षं चाललं.

खायला घालणं त्यातलं सगळ्यात सोपं काम होतं. खरी कटकट पाण्याची. आमच्या सोसायटीला टँकरचं पाणी, आणि टँकर आला की वॉचमन गच्चीवरच्या टाकीत ब्लीचिंग पावडर ओतायचा, तीही हाताला येईल तेवढी. ते पाणी थेट माशाला घातलं तर मासा गेलाच. हे मला मासे विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं, कारण दुकानात विचारायला मीच जायचे. मग मी बाल्कनीत एक निळा ड्रम ठेवला. त्यात पाणी भरायचं, दीड-दोन दिवस उघडं ठेवायचं, वास गेला की बादलीने टाकीत. दर तिसऱ्या दिवशी चार बादल्या घाण पाणी बाहेर, चार बादल्या आत. माझी कंबर त्या काळात जी धरली ती अजून सुटलेली नाही.

रंगासाठी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी. नवऱ्याने आणलेलं परदेशी खाद्याचं पाकीट मासा तोंडात घेऊन थुंकून टाकायचा. मी करंदी देऊन बघितली, सालासकट, बारीक चिरून. महिन्या-दोन महिन्यांत त्याच्या गालांवर लाली आली. दारावर येणारी कोळीण एकदा म्हणाली, "ताई, रोज एवढी करंदी? घरात कोन हाय एवढं खानारं?" मी तिला आत नेऊन टाकी दाखवली. ती कपाळाला हात लावून हसली, आणि पुढे न मागता मूठभर जास्त टाकू लागली.

आणि आरसा. रोज दहा मिनिटं काचेला बाहेरून आरसा लावायचा. समोर दुसरा नर आला असं वाटून हा फुगायचा, कल्ले ताणायचा, काचेवर धडका द्यायचा. या माशाला राग आला की डोक्यावरचं टेंगूळ भरतं आणि रंग चढतो, असं दुकानदार म्हणायचा. खरं-खोटं माहीत नाही, पण टेंगूळ वाढलं, अगदी लिंबाएवढं. मला मात्र राग यायला आरसा कधी लागला नाही.

तीन वर्षांत मासा दीड वितीचा झाला. लालभडक छाती, अंगावर मोत्यासारखे ठिपके. पाहुणे आले की नवरा त्यांना टाकीसमोर उभं करायचा आणि मी चहा टाकायला आत जायचे. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. बोलून घेऊ दे, म्हणायचे. करणारीला माहीत असतं ना कोण करतं ते. हा माझा मूर्खपणा.

माणिकपूरला एका हॉलमध्ये माशांची स्पर्धा भरली. अर्ज नवऱ्याने भरला, 'पाळणाऱ्याचे नाव' या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, आणि तेही मला नंतर कळलं. सकाळी तो आणि शेजारचे एक काका मासा टेम्पोतून घेऊन गेले. मी स्वयंपाक आवरून रिक्षाने मागून पोचले.

पोचले तर मासा कोपऱ्यात तळाला बसलेला. रंग उडालेला, अंगावर काळे पट्टे. घाबरला की तो तसा व्हायचा. आयोजकांपैकी एक जण म्हणत होता की या माशात दम नाही, आणि नवरा नुसता घाम पुसत होता. मी काचेजवळ गेले, रोजच्यासारखं बोट हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवलं, आणि त्याच्याशी बोलत राहिले. पाचेक मिनिटांनी तो हलला. मग वर आला, बोटामागे फिरू लागला. पाव तासात छाती पुन्हा लाल झाली आणि आजूबाजूला माणसं जमली. तेवढ्यात परीक्षक वही घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, जरा बाजूला व्हा. मालकांना उभं राहू द्या."

मी बाजूला झाले. आजही त्या पावलांचा मला राग येतो. कुणी ढकललं नव्हतं, माझी मीच झाले.

पहिला नंबर आला. नवऱ्याला स्टेजवर बोलावलं, हातात माईक दिला, एवढा रंग कसा आणला ते विचारलं. आणि साडेसातला हाका मारून उठवावा लागणारा माझा नवरा म्हणाला, "शिस्त. रोज पहाटे पाचला उठून मी पाणी बदलतो. आणि खाद्य फक्त परदेशी." टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटांना अजून सकाळच्या करंदीचा वास होता.

पण आग त्यावर थांबली असती. माणूस स्टेजवर गेला की फुशारकी मारतो, एक वेळ सोडून दिलं असतं. खाली उतरल्यावर कामणला गोदामं असलेला एक गृहस्थ त्याला भेटला. त्याला ऑफिसात ठेवायला असाच नशीबवान मासा हवा होता. दहा मिनिटांत सौदा झाला. मला सांगितलं तेव्हा मासा पिशवीत घालायला सुरुवातसुद्धा झाली होती. मी म्हटलं, "मला विचारायचं तरी." तो म्हणाला, "अगं, शेवटी मासाच आहे. दुसरा आणू." किती घेतले ते मी विचारलं नाही.

घरी येऊन मी काही दिवस गरजेपुरतंच बोलले. त्याला वाटलं उन्हाने डोकं दुखतंय.

महिन्याभराने तो खरंच दुसरा घेऊन आला, बोटाएवढाच, करडा. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी. मी सांगितलं, "हा तुम्हीच वाढवा. स्टेजवर सांगितलंत ना, तसाच." तो हसला. आठवडाभर त्याने पाकिटातलं खाद्य घातलं, आरसाही लावला. मासा लाजाळू होता, दगडामागून डोकं तेवढं बाहेर काढायचा.

रविवारी सकाळी पाणी गढूळ दिसलं म्हणून त्याने बाथरूमच्या नळाची बादली भरली. टँकर तासाभरापूर्वीच येऊन गेला होता. मी ओट्याशी कणीक मळत होते, ब्लीचिंगचा वास मला तिथपर्यंत आला. बाल्कनीतला ड्रम भरलेला होता, सवयीने मी तो अजून भरत होते. 'अहो, थांबा' एवढे दोनच शब्द लागले असते. मी कणकेत तेल घातलं आणि मळत राहिले. त्याने एक बादली ओतली, मग दुसरी, मग तिसरी.

दुपारी मासा वर येऊन तोंड उघडमीट करू लागला. तेव्हाही वेळ होती, ड्रम तिथेच होता. मी जेवणाची ताटं घासली. त्या बोटाएवढ्या जिवाने माझं काय घोडं मारलं होतं? नवऱ्यावरचा राग खरा होता, अजूनही आहे. पण तो मी ज्याच्यावर काढला त्याला ना स्टेज ठाऊक होतं ना स्पर्धा. याची लाज मला त्या रागापेक्षा जास्त वाटते, आणि ती कुणाला सांगायची सोय नाही.

चारच्या सुमाराला मासा आडवा झाला. नवऱ्याने त्याला हातावर घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला होता, खरोखरच.

"अगं, काय चुकलं असेल?"

तीन वर्षांत त्याने माशाबद्दल मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. उत्तर मला तोंडपाठ होतं.

"मला काय माहीत," मी म्हणाले, "मासा तुमचा होता."