मी रमजान पुढे ढकलला

आता माझी अक्कल किती पाण्यात आहे, ते एकदाचं सांगूनच टाकतो. घ्या, चहा घ्या. तर मी भूगोल शिकवतो. चोवीस वर्षं पोरांना चंद्रकला समजावतोय आणि एकाही पोराने अजून शंका विचारलेली नाही. एवढ्यावर माणूस फुगणार नाही तर काय?

फुलचूरला माझं घर बांधलं रफिक मिस्त्रीने, पायापासून गच्चीपर्यंत. गृहप्रवेशाच्या जेवणाचं पहिलं ताट त्याचं, हे मी पाया खोदतानाच चारचौघांत बोलून बसलो होतो. तारीख काढली मार्चअखेरची.

रफिक म्हणाला, "सर, तेव्हा तर रोजे चालू राहतील जी."

मी हसलो. भूगोलवाले हसतात तसं.

"हे बघ, चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान. म्हणून सण दरवर्षी अलीकडे सरकतात. पण मागच्या वर्षी अधिक महिना आला, दिवाळी गेली की नाही पुढे? तसा तुझा रमजानही पुढे जाणार. एप्रिलात."

"आमच्यात अधिक महिना नसते, सर. रमजान मागं मागंच येत राहते. लहानपणी स्वेटर घालून रोजे ठेवलो, लग्नानंतर भर जूनमध्ये ठेवलो."

जो माणूस जन्मभर रोजे धरतोय, त्याला मी रमजान शिकवत होतो! विटेवर खडूने आकृतीही काढली. तो बिचारा "बरं जी" म्हणून प्लास्टरला लागला. मला वाटलं, पटलं.

पत्रिका वाटून झाल्या, आचारी ठरला आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चांद दिसला. रफिकने सांगितला होता तसाच.

बायको म्हणाली, "आता काय करता? चांदाले नोटीस पाठवता का?"

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याने डोक्यावर छप्पर घातलं, त्यालाच उपाशी ठेवून मी गावाला जेवू घालणार होतो. म्हणून मोठ्या तोंडाने जाहीर केलं, "रफिकचं ताट पहिलं वाढून झाकून ठेवा. संध्याकाळी तो रोजा सोडेल, तोवर मीही अन्नाला शिवणार नाही."

"कायले झेपत नाही ते बोलता?" बायको म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.

त्या दिवशी पंगतीवर पंगती उठल्या. रफिक पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेता हसतमुखाने वरण वाढत होता. मी सकाळी पोहे खाऊन उपास धरलेला, तरी दोन वाजता डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

अडीच वाजता मी कोठीच्या खोलीत शिरलो. आत एकच ताट होतं, झाकलेलं. मी झाकण उचललं आणि बुंदीचा लाडू अख्खाच तोंडात कोंबला.

तेवढ्यात वरणाची रिकामी बादली घेऊन रफिक दारात. त्याने माझ्या गालाकडे पाहिलं, मग आपल्या ताटाकडे पाहिलं आणि हळूच दार ओढून घेत म्हणाला,

"खाऊन घ्या, सर. तुमचा रमजान तर पुढच्या महिन्यात आहे ना."