काखेतली ओढ

धनजची विजयमाला एका जागी निवांत बसलेली गावात कुणी पाहिली नव्हती. चहासुद्धा ती उभ्यानेच प्यायची. कारल्याच्या मांडवाखाली दोन्ही हात वर करून ती तोडणीला लागली की मागच्या बाया रडकुंडीला यायच्या. नवरा बबनराव मात्र थंड गडी. त्याची आंघोळ होईस्तोवर हिची भाजीची अर्धी वाडी पाणी पिऊन व्हायची, आणि त्यावरून रोज तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

घाईनेच तिचा घात केला. उकळत्या पाण्याने काठोकाठ भरलेला गंज चुलीवरून एकटीने उचलायला गेली आणि उजवा दंड, काख, बरगडीपर्यंत भाजून निघाली. जखम भरली, पण कातडी अशी आखडली की हात खांद्याच्या वर जाईना. इकडे मांडवाला फुलं लागलेली. तोडणीपर्यंत हात वर गेला पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात.

कारंजाच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या साधनाने तिच्याच पदराचा कोपरा धरून ओढला. ओढ कोपऱ्याला, चुण्या पार खांद्यापर्यंत.

"कातडीच्या आत असंच धाग्यांचं जाळं असतं, काकू. चांगल्या कातडीत धागे आडवेतिडवे असतात, ओढ वाटून घेतात. भाजलेल्या जागी ते एकाच बाजूला ताणून बसलेत. हळू ओढून धरलं तर सरकतील, जागा देतील. हिसका दिला तर ओढ दूर जाऊन कमजोर जागी फाडेल."

विजयमालाने मान डोलावली आणि घरी येऊन आपलंच खरं केलं. मांडवाची तार ढिली पडली की ती दगड बांधून ताणायची. तोच उपाय तिने हाताला लावला. दोरी तारेवरून टाकली, एक टोक मनगटाला, दुसऱ्याला दगड, आणि दगड सोडून दिला. हात खाडकन वर गेला. काख शाबूत राहिली. फाटलं ते खाली बरगडीपाशी, जिथे नवी कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी होती.

"काहून केलं असं?" बबनरावाने विचारलं.

"तोडणी आली ना जवळ. हात वर नाई गेला तं मी कोन्या कामाची?" म्हणता म्हणता ती रडली.

तोडणी आली आणि गेली. बाया मांडवाखाली गप्पा हाणत कारली तोडत होत्या आणि ही घरात येरझारा घालत त्यांच्या नावाने बोटं मोडत होती. जखम पुन्हा मिटल्यावर साधनाने व्यायाम बबनरावाच्या हाती दिला. तो तिचा हात हळूच उचलायचा, धरायचा आणि नुसता थांबायचा. जन्मभर जिच्या नावाने तिने शंख केला, तीच त्याची संथ चाल आता तिच्या कातडीला हवी होती. हे कबूल करणं तिला भाजण्यापेक्षा जड गेलं.

एके संध्याकाळी हात कानापर्यंत आला. "अजून वर घ्या," असं ती म्हणणार, तोच थरथर जाणवली. तिला वाटलं, आपलाच हात. पाहिलं तर कापत होतं बबनरावाचं कोपर. ती अंग ताणून उभी, आणि तिचा सगळा भार तो मुकाट्याने पेलत होता.

"तुमचा हात भरून आला असन," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात असं काही तिने त्याला विचारलं नव्हतं.

"नाई," बबनराव म्हणाला.

तो खोटं बोलला हे तिला कळलं. तिने अंग सैल सोडलं आणि डाव्या हाताने त्याचं कोपर खालून धरलं.