संत्र्याचे पांढरे दोरे

माझे शुद्धलेखन चुकते आणि अक्षरही वेडेवाकडे येते, माफ करावे. हा दोष डोळ्यांचा नाही, चौथीत सुटलेल्या शाळेचा आहे.

सोललेल्या संत्र्यासारखा केशरी गोळा आणि त्यावर पसरलेल्या लाल फांद्या! अकोल्याच्या दवाखान्यात, यंत्राच्या काचेवर मी माझ्याच डोळ्याचे आतले अंग असे प्रथम पाहिले. साऱ्या जगाला पाहणाऱ्या डोळ्याला स्वतःचे घर कधी दिसते का? मला दिसले.

त्याआधी वर्षभर डोळा अधूनमधून लाल व्हायचा. आमच्याकडे लाल डोळा म्हणजे डोळे आले. राजापेठेच्या बाजारात मी फुलांचे हार विकायला बसले की शेजारणी अंतर ठेवायच्या. मी दुधाच्या पट्ट्या ठेवायची आणि लाली उतरली की विसरून जायची. पण हळूहळू सुईचे नेढे धुक्यात गेले. हार ओवता येईनात, तेव्हा थोरल्या जाऊबाई पदरचे पैसे घालून मला अकोल्याला घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "डोळे आलेले नाहीत. आतल्या पडद्याला सूज आहे. अशीच राहिली तर डोळे जातील."

येणे आणि जाणे! किती साधे दोन शब्द, आणि त्यांच्या मधोमध माझे उरलेले आयुष्य उभे होते.

हाताच्या शिरेत पिवळे औषध सोडून त्यांनी आणखी फोटो काढले. डोळ्यातली कुठली शीर पाझरते ते त्यात दिसते. घरी ते फोटो पाहून आमचे हे म्हणाले, मळ्यातली ठिबकची नळी अशीच झिरपते. औषधाने मी अंगभर पिवळी झाले होते. परतताना बसमध्ये जाऊबाई म्हणाल्या, "पुन्हा हळद लागली काय वं तुले?" त्या हसल्या, मला मात्र रडू आले.

गोळ्यांनी लाली गेली, नजर निवळली. आता कशाला जायचे, असे मला वाटे. जाऊबाईंनी ओढून नेले, तर फोटोत शिरांच्या कडेने अजून पांढरट रेघा होत्या, संत्र्याच्या फोडीवरच्या दोऱ्यांसारख्या. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, दिसतही होते. दुखणे असे गुपचूपही राहते! माणसांच्या मनातही, बाहेरून सारे स्वच्छ असताना, असे किती दोरे असतील?

यंदा संत्री उतरली तेव्हाच्या फोटोत ते दोरे नव्हते. केशरी रंग आणि लाल फांद्या, एवढेच. हार विकून मी जाऊबाईंचे पैसे थोडेथोडे फेडत होते; घरी येऊन शेवटचे उरलेले त्यांच्या हातावर ठेवले. त्या न मोजताच कमरेला खोचू लागल्या.

"मोजा ना, बाई."

"काहून? तुले दिसते न आता?"

मग त्यांनी एक संत्रे सोलून माझ्यापुढे ठेवले. मी फोडीवरचा एकेक दोरा अलगद काढत बसले. पैसे तेवढे सारे फिटले होते.