थाळ्यांना दिल्लीची परवानगी

"तुम्हाला भाषांतराला बसवलंय. मत विचारलेलं नाही."

सगळ्यांसमोर बाई मला इंग्रजीत असं म्हणाल्या. सदाशिव पेठेतल्या आमच्या नव्या ऑफिसात. बाई संघटनेच्या राष्ट्रीय सचिव, दिल्लीहून आलेल्या. मी एवढंच म्हटलं होतं, की आत्ता निघायला हवं.

आदल्या दिवशी त्यांनी माझं कौतुक केलं होतं. "झोपडपट्टीच्या मानाने तुमचं इंग्रजी स्वच्छ आहे हं." मी हसले होते. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

नातवंडांनो, ही संघटना पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत आम्ही सात बायकांनी सुरू केली. कुठल्या घरात बाईला मार पडला, की थाळ्या घेऊन त्या दारात जायचं. नवरा बाहेर येईपर्यंत बडवायच्या. मग राज्याराज्यांत शाखा झाल्या. बोर्ड आला, छापील अर्ज आला. थाळ्या वाजवायला दिल्लीची परवानगी लागू लागली.

त्या दिवशी समोर कांता उभी होती. आमच्या सातांतली. नवऱ्याने कानातलं ओढून काढलेलं. कानाची पाळी फाटून लोंबत होती. रक्त सतरंजीवर ठिबकत होतं.

"ताई, पोरगी आत हाय. कडी लावून मारतोय तिला. चला की!"

बाई मला म्हणाल्या, "तिला सांगा, अर्ज भर. समिती सोमवारी बसेल. आणि सतरंजीवरून खाली उतर म्हणावं."

मी खुर्ची मागे सारून उठले.

"काय झालं? मराठी शब्द सापडेना?"

"सापडलाय. सांगणार नाही."

ऑफिसात थाळ्या नव्हत्या. चहाचे ट्रे उचलले. मी, कांता आणि आणखी दोघी वस्तीपर्यंत पळत गेलो. दार बडवलं. तो गज घेऊन बाहेर आला. पहिला घाव माझ्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. चौघींनी त्याला खाली पाडला. मीही मारलं, धड हाताने. ट्रेच्या कडेने, तोंडावर, दोनदा. वाईट वाटलं नाही. तुमच्यापासून कशाला लपवू?

पोरगी खाटेखाली होती. एक डोळा सुजून मिटलेला. जिवंत.

"हिंसक वर्तन" असं लिहून संघटनेने मला काढलं. नाव, बोर्ड, ऑफिस त्यांनाच राहिलं. वस्तीतलं काम आम्ही सोडलं नाही.

तुमची आई फोनवर म्हणते, आता वय झालं, बस घरी. नाही बसणार. पुढची बाई दारात आली, की तिला मी नाव-गावसुद्धा विचारणार नाही. चप्पल घालीन आणि तिच्या पुढे चालू लागेन.