बागेच्या फाटकापर्यंत

निघायच्या दिवशी सकाळी मी बागेत जाऊन आले. सावद्याजवळची आमची केळी नुकतीच निसवायला लागली होती, झाडाझाडातून केळफुलं डोकावत होती. ठिबकच्या नळ्यांजवळच्या चिखलात मी मुद्दाम अनवाणी चालले. परतले तर आई दारात बादली घेऊन उभीच.

"पाय धू आधी! उद्या इमानात बसशीन, अन् पायाले बागेचा चिखल!"

पाय धुतल्याशिवाय घरात यायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. वडील, म्हणजे आमचे नाना, बागेतून येवोत की कुणी साहेब गाडीतून उतरो, आईची बादली कुणालाच माफ नव्हती. मी पाय धुतले, पण घाईत. भुसावळला गाडी हलली आणि माझं लक्ष नखांकडे गेलं. नखांत काळी माती राहिली होती. बरं वाटलं. घरचं काहीतरी सोबत येतंय, असं वाटलं. आज ते आठवलं की हसूही येतं आणि भीतीही वाटते.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत शिकणाऱ्या आणि परदेशी जायला बॅगा भरणाऱ्या पोरापोरींनो, मी कुठला विषय घेतला ते सांगते. केळीचा मर रोग. जमिनीतली एक बुरशी मुळांतून खोडात शिरते आणि झाडाच्या पाण्याच्या वाटा बंद करते. पानं पिवळी पडून खाली लोंबतात, झाड उभ्या उभ्या मरतं. त्यावर औषध नाही. बुरशी मात्र मातीत वर्षानुवर्षं पडून राहते. आपल्याकडची बहुतेक केळी टिश्यू कल्चरच्या रोपांची, सगळी एकाच झाडाच्या नकला. जे एकाला मारेल ते सगळ्यांना मारेल. हे वर्गात ऐकलं त्या दिवशी मी घरी येऊन गच्चीवर गेले. नजर जाईल तिथवर केळीच केळी. माझी तर गाळणच उडाली. तेव्हाच ठरवलं, शिकायचं तर हेच.

शिकायला मिळालं ते नेदरलँड्समध्ये. तिथे उघड्यावर केळीचं एकही झाड जगत नाही, म्हणून तर ही बुरशी तिथे बिनधास्त पाळता येते. आमच्या ग्रीनहाऊसमध्ये शिरायचं म्हणजे कोट बदला, बूट बदला, हात धुवा. बाहेर पडताना पुन्हा तेच सगळं. नवरीलाही इतके कपडे बदलावे लागत नाहीत. आत कुंडीतली केळी मी स्वतःच्या हातांनी आजारी पाडते आणि कुठली तग धरते ते बघते. संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना सुपरमार्केटमधून केळी घेते. चवीला ती सावद्याच्या केळ्यांच्या जवळपासही जात नाहीत, तरी घेते.

आमच्या लॅबचा एक नियम आहे. जो या बुरशीला हात लावतो, त्याने केळीच्या शेतात पाऊल टाकायचं नाही. बुरशी बुटाच्या तळाला लागलेल्या चिमूटभर मातीतूनही प्रवास करते. नियम वाचला तेव्हा मी मान डोलावली आणि सही केली. त्याचा अर्थ नानांना फोनवर सांगताना कळला.

"नवी चप्पल घेऊ ना तुले," नाना म्हणाले. "घरून नवी घालून ये. मंग काय होते?"

बहुधा काहीच होणार नाही. पण एकदा माती बिघडली की ती नानांच्या हयातीत सुधारणार नाही, आणि फक्त आमचीच बिघडणार नाही. मी नाही म्हणाले. नाना म्हणाले, "बागेसाठीच शिकली ना तू?"

हो, बागेसाठीच. एवढं म्हणून मी फोन ठेवला. याचं दुःख संशोधनाच्या कुठल्या पेपरात लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

यंदा कापणीच्या वेळी घरी गेले. माझी फोनवरची भाषणं ऐकून नानांनी बागेच्या फाटकात सिमेंटचा उथळ हौद बांधलाय, जंतुनाशकाच्या पाण्याचा. आत जाणारा प्रत्येक जण त्यात पाय बुडवतो. गावात थट्टा चालते, नानांनी केळीचं देऊळ केलं म्हणून. मी रस्त्यावर उभी राहिले. पहिला घड कापला की लेकीने त्याला कुंकू लावायचं, ही आमच्या घरची रीत. लहानपणी नाना मला त्यासाठी खांद्यावरून आत नेत. या वेळी घड खांद्यावर घेऊन नानाच बाहेर आले. मी कुंकू लावलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग जवळ घेतलं. आमच्याकडे बाप असं सहसा करत नाहीत.

"जाय आता घरी, ऊन लागू राह्यलं," म्हणाले आणि डोळे पुसत वळले. त्या भरात हौद ओलांडून ते आत निघालेच होते. बाप माझ्याजवळून, बुरशी हाताळणाऱ्या लेकीजवळून, तसाच बागेत चालला होता.

"नाना, पाय धुवा!" मी ओरडले.

आवाज अगदी आईसारखा निघाला. नाना थांबले. माझ्याकडे न बघता मागे आले, हौदात उतरले आणि दोन्ही पाय नीट घासून धुतले. मग ते आत गेले, आणि मी बाहेरून फाटक लावून घेतलं.