वकीलसाहेबांसाठी रेडिओ ऐकताना

माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही, हे मला गुरांच्या लसीकरणामुळे कळलं.

लोकसभेची निवडणूक जाहीर व्हायच्या बेतात होती. मी दोन दिवसांसाठी अमरावतीहून अकोल्याला, जुन्या शहरातल्या घरी गेले होते. सासूबाई गेल्यापासून मामाजी, म्हणजे माझे सासरे, तिथे एकटेच राहतात. स्वयंपाकाला एक मावशी येतात. सकाळी ते नेहमीसारखे पुढच्या खोलीत रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते. साडेसातला राजकीय भाष्य लागतं. दहा मिनिटं, एकच शांत आवाज: कोणत्या पक्षात काय चाललंय, कोणाची युती कुठे अडली, तिकीट न मिळालेला कोण रुसून बसलाय. मामाजी मान हलवत होते, मधेच "हं, हं" करत होते. मी चहा घेऊन गेले आणि थबकले. त्या दिवशी भाष्य नव्हतंच. रेडिओवर गुरांना खुरकुताची लस कधी टोचून घ्यावी ते चाललं होतं.

"आज भाष्य नाही का?" मी विचारलं. ते रेडिओकडे बघत मान हलवतच राहिले. समोर जाऊन पुन्हा विचारलं, तेव्हा माझ्या ओठांकडे बघत म्हणाले, "चालू आहे ना. आज चांगला बोलून राहिला तो."

मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, 'मामाजी, हे गुरांबद्दल आहे.' त्यांनी वाचलं, रेडिओ बंद केला. चहा संपवला. मग म्हणाले, "कोणाले सांगू नको. तुझ्या नवऱ्यालेही नाही."

त्यांना भीती होती ती टेलरच्या दुकानाची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेलरचं दुकान आहे. सकाळी नऊला तिथे पाच-सहा माणसं जमतात आणि प्रत्येकाचा पक्ष वेगळा. पूर्वी निवडणूक आली की तिथे इतकी भांडणं व्हायची, की एकदा कोणाच्या तरी लग्नाचा कोट गरम इस्त्रीखाली विसरला गेला. त्यानंतर टेलरने नियम केला. निवडणूक लागली की कोणीही मोबाइलवर आलेलं काही वाचून दाखवायचं नाही. आधी वकीलसाहेबांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, सकाळच्या रेडिओवर काय सांगितलं ते सांगायचं, पदरचा एक शब्द न घालता. मग ज्याला जे म्हणायचं ते त्याने म्हणावं. मामाजींनी चाळीस वर्षं अकोल्याच्या कोर्टात वकिली केली. दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं मांडायची त्यांना सवय, आणि ते एकही शब्द इकडचा तिकडे करणार नाहीत याची सगळ्यांना खात्री.

एरवी दुकानात सगळे ओरडूनच बोलतात, त्यामुळे त्यांचं निभत होतं. पण आता निवडणूक आली होती आणि रेडिओच्या ओठांकडे बघता येत नाही. "त्याईले समजलं तर म्हणतील, मागचं बी सारं अंदाजानं सांगत होता म्हातारा," मामाजी म्हणाले. "मंग मी तिथं कशाले बसू?"

मी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात काम करते. बैठक व्यवस्था, हजेरीपत्रकं, कोणत्या खोलीत कोण पर्यवेक्षक, हे माझं रोजचं काम. यादी केली की बहुतेक अडचणी आटोक्यात येतात असा माझा अनुभव आहे, म्हणून हीदेखील मी तशीच हातात घेतली. सात वीसचा गजर लावायचा. रेडिओ मोबाइलवर लावायचा. वहीत मुद्दे उतरवायचे. पावणेआठपर्यंत पानाचा फोटो मामाजींना पाठवायचा आणि मग डब्याच्या मागे लागायचं. पक्षांची लांबलचक नावं लिहिण्यात वेळ जातो, म्हणून मी आमच्या भागातल्या सहा पक्षांना एक ते सहा नंबर दिले. कोणता नंबर कोणाचा, याचा एक कागद मामाजींच्या सदऱ्याच्या खिशात, एक माझ्या वहीच्या पहिल्या पानावर.

पहिल्याच दिवशी त्यांचा संदेश आला, 'ही किराण्याची यादी झाली. दोन नंबरबद्दल तो ठासून बोलला की जाता जाता?'

मला आठवेना. मी मुद्दा लिहून मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवसापासून मी ठासून बोललेल्या शब्दाखाली रेघ मारू लागले, थांबला तिथे टिंब द्यायला लागले. हळूहळू कळायला लागलं की भाष्यकार ज्या पक्षाची स्तुती करतो त्याच्याबद्दल पुढच्या वाक्यात बहुधा 'मात्र' येतो, आणि खरं सांगायचं ते त्या 'मात्र'नंतर असतं. इतकी वर्षं पोळ्या लाटताना माझ्या कानावरून रेडिओ गेला होता, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. मामाजींचे संदेश येत, 'कालचं छान. नाराजी बरोबर पोचली.' मला ऑफिसात कोणी इतकं नीट तपासून शाबासकी दिलेली नाही.

असे तीन आठवडे गेले. मग एका पक्षाने, माझ्या यादीतल्या तीन नंबरने, दुसऱ्याला पाठिंबा देऊन निवडणुकीतून अंग काढून घेतलं. माझ्या वहीत एक, दोन, चार, पाच, सहा असं राहिलं. मधला रिकामा नंबर मला बघवत नाही. गैरहजर विद्यार्थ्याची जागासुद्धा मी पुढच्या पेपरला भरून काढते. त्याच संध्याकाळी मी यादी सरकवली: चारचा तीन झाला, पाचचा चार, सहाचा पाच. पहिल्या पानावर नवा कागद चिकटवला, छान चौकट आखून. मामाजींना तो पाठवायचा राहिला.

दुसऱ्या दिवशीचं भाष्य जवळजवळ सगळं एकाच पक्षावर होतं. मी लिहिलं, 'चार नंबर – उमेदवार बाहेरचा दिल्याने जुने कार्यकर्ते घरी बसले. दोन तालुक्यांत सभा रिकाम्या.' फोटो पाठवला, डबा भरला, कॉलेजात गेले.

सव्वादहाला सकाळच्या फोटोवर मामाजींचं नेहमीचं 'मिळालं' आलंय का, ते बघायला मी मोबाइल उघडला, 'चार नंबर' वाचलं आणि नवा कागद पाठवायचा राहिल्याचं लक्षात आलं. मामाजींच्या खिशात जुनाच कागद होता. त्यांच्या हिशेबात चार नंबर म्हणजे भलताच पक्ष. आणि त्या भलत्या पक्षाचे एक पक्के समर्थक, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, रोज सकाळी त्यांच्याच शेजारी बसत.

मामाजींना फोन करून उपयोग नव्हता. संदेश पाठवला, तो बघितलाच गेला नाही. टेलरचा नंबर माझ्याकडे ब्लाउजच्या निमित्ताने होता. लावला.

"वहिनी, थांबा जरा," टेलर दबक्या आवाजात म्हणाला. "इथं वकीलसाहेबाईवर सारे तुटून पडले आहेत."

दुकानातलं सगळं मला फोनवर ऐकू येत होतं. कंडक्टरने नियम मोडून मोबाइलवर सकाळचं भाष्य पुन्हा लावलं होतं आणि तो बारीक, शांत आवाज दुकानात पक्षाचं खरं नाव घेत होता.

"आयका, आयका वकीलसाहेब!" कंडक्टर ओरडत होते. "कोणाच्या सभा रिकाम्या म्हणून राहिला तो? आमच्या? का त्याईच्या?"

कंडक्टरने मोबाइलचा आवाज आणखी वाढवला.

"बोला ना आता! कावून चूप बसले? का तुमी बी म्हातारपणी एखाद्या पार्टीचं वकीलपत्र घेतलं?"

कोणीतरी हसलं. हसणाऱ्याला दुसऱ्या कोणी दटावलं. मी टेलरला सांगत होते, "चूक माझी आहे, त्यांना सांगा, चूक माझी आहे," पण टेलरने बहुतेक फोन मशीनवर ठेवून दिला होता.

मामाजींपुढे सोपा रस्ता होता. खिशातून माझा कागद काढायचा आणि सांगायचं, सूनबाईनं चुकीचं लिहून दिलं. त्यांना तोवर नक्कीच उमगलं होतं की चूक कागदात आहे. वकील माणूस, पुरावा खिशात. पण मला ऐकू आलं ते असं:

"मले ऐकू येत नाही."

"काय?"

"कान गेले माहे. वर्ष होऊन गेलं. तू काय लावलं त्या मोबाइलवर, ते बी मले आलं नाही. चुकलं माहं. पक्ष कोणताच नाही घेतला, बापा."

मी परीक्षा विभागाच्या व्हरांड्यात उभी होते, आणि ज्या गोष्टीसाठी आम्ही दोघांनी तीन आठवडे इतका खटाटोप केला ती त्यांनी एका वाक्यात देऊन टाकली होती. माझं नाव येऊ नये म्हणून.

मी जोरात हाक मारली, "भाऊ, फोन स्पीकरवर करा!" दोन शिपाई वळून बघायला लागले. टेलरने केला. मग मी सगळं सांगितलं: गजर, वही, नंबर, सरकवलेली यादी. शेवटी म्हटलं, "वकीलसाहेबांनी माझ्या कागदावर होतं तेच सांगितलं. कागद चुकीचा होता."

"म्हणजे इतके दिवस आमी वहिनीचाच रेडिओ आयकून राहिलो होतो?" टेलर म्हणाला.

"मंग काय वाईट होता?" हे तिसरंच कोणीतरी.

कंडक्टर मात्र ताठ होते. "वकीलसाहेबाईचं मी काई म्हणत नाही. पण वहिनी कोण्या पक्षाच्या आहेत ते कोणाले मालूम? उद्यापासून मी बी लिहून आणतो."

हे सगळं कोणीतरी मामाजींना बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं असावं, कारण थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, अगदी कोर्टातला: "आणा. सारेच आणा."

त्या रविवारी मी अकोल्याला गेले. पायांवर डोकं ठेवायची आमच्यात रीत आहे, पण त्या दिवशी मी ते रीत म्हणून केलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं, तो दिवसभर माझ्याशी तुटक बोलला आणि संध्याकाळी वडिलांसाठी कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन आला.

मतदानापर्यंतचे पुढचे दिवस दुकानात कसे गेले ते मला मामाजींच्या संदेशांतून कळत होतं. चार जण सकाळी साडेसातला आपापल्या घरी रेडिओ लावत आणि लिहून आणत. माझा फोटो पाचवा. आता नंबर नाहीत, पूर्ण नावं. मामाजी चष्मा लावून पाचही कागद एकापाठोपाठ वाचून दाखवत. भाष्य एकच, दहा मिनिटांचं, पण कंडक्टरच्या कागदात त्यांच्या पक्षावरची टीका कधीच नसे. टेलरच्या कागदात भाव आणि बेकारी यापलीकडे काही नसे. एकाच्या कागदात फक्त भाष्यकाराचे 'मात्र' मोजून ठेवलेले. कंडक्टरना विचारलं तर म्हणत, "ते नेमकं आयकाच्या वक्ती आमची लाइट गेली." रोज त्यांचीच लाइट कशी जाते यावर हशा होई. मामाजी म्हणाले, "चार साक्षीदार एकसारखं बोलले, तर समजावं कोणीतरी पढवून आणलं. हे बरं आहे."

ऐकणं त्यांच्याकडून गेलं होतं, पण पारख शाबूत होती, आणि दुकानाला ती हवी होती. त्यांची खुर्ची तशीच राहिली. आधी त्यांच्या सांगण्यावर विश्वास होता, आता वाचण्यावर बसला. 'मागचंही अंदाजानं सांगितलं' असं कोणी म्हटलं नाही. निदान मी तरी ऐकलं नाही.

मतदानाच्या आधीच्या शेवटच्या भाष्याला मी अकोल्यातच होते. सकाळी मामाजींच्या शेजारी बसून लिहिलं. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"सूनबाई, एक सांगू? राग नको धरू."

"सांगा ना, मामाजी."

"आपल्या जुन्या यादीतल्या दोन नंबरवाल्याईबद्दल तो काई वाईट बोलला, की तू अर्ध्या ओळीत उरकतेस. चांगलं बोलला, की तीन ओळी. बाकीच्या पक्षाईचं तसं नाही. पयल्या आठवड्यापासून."

मी कागद पाहिला. खरंच. त्या दिवशीही तसंच होतं. कंडक्टरच्या लाइटचा किस्सा वाचून मी मात्र पोटभर हसले होते.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"कशाले? मले मालूम होतं ना. दुकानात सांगताना ती अर्धी ओळ ठासून सांगत होतो."

म्हणजे माझा एकतर्फीपणा हा माणूस पहिले तीन आठवडे आपल्या तोंडून सरळ करून सांगत होता, आणि कंडक्टरने भर दुकानात माझ्या पक्षाची शंका घेतली तेव्हाही गप्प राहिला होता.

मी मोबाइलवर भाष्य पहिल्यापासून पुन्हा लावलं. दोन नंबरच्या पक्षावर भाष्यकार पावणेदोन मिनिटं बोलला होता आणि त्यातलं बहुतेक मला न आवडणारं होतं. मी थांबवत, मागे घेत, ते सगळं लिहून काढलं. जिथे ठासून बोलला तिथे रेघ मारली. चहा गार झाला. मामाजी सदरा घालून दारात उभे राहिले, नऊ वाजून गेले, तरी घाई कर म्हणाले नाहीत. कागद पूर्ण झाल्यावर त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि आम्ही दोघं दुकानाकडे निघालो.