आईसाठी आम्ही निवडलेलं कुत्रं

बाबा गेल्यावर आई नंदुरबारजवळच्या खांडबाऱ्याच्या घरात एकटी उरली. बाबा रेल्वेत गँगमन होते, आई अंगणवाडी सेविका. स्टेशनच्या मागे तीन खोल्यांचं घर त्यांनी दोघांच्या कमाईतून बांधलं होतं. मी सुरतला एका कापडाच्या ऑफिसात, भाऊ पुण्यात. मी पंधरा दिवसांनी शनिवारच्या गाडीने यायचे आणि रविवारी परत जायचे. तेवढ्यावर मी स्वतःला चांगली मुलगी समजत होते.

एकदा आई मोरीत घसरली. मार किरकोळ होता, पण उठता येईना म्हणून ती दोन तास तशीच ओल्यात बसून राहिली. हे आम्हाला चार दिवसांनी कळलं, तेही शेजारणीकडून. भावाने त्याच संध्याकाळी फोन केला.

"आपण तिला कुत्रा घेऊन देऊ. एकट्या म्हाताऱ्या माणसाला जनावराची सोबत फार चांगली असते."

त्याच्या मनात लॅब्रॅडोर होता. मला तो आईला झेपेलसं वाटेना. पोपट पाळणं कायद्यात बसत नाही, मांजर पायात येतं, माशांची टाकी कोण धुणार, असं आमचं आठवडाभर चाललं. शेवटी मी नंदुरबारला जनावरांच्या डॉक्टरांना भेटले.

ते म्हणाले, "मोठं कुत्रं नको. साखळीला हिसका बसला तर आजी पडतील. पिल्लूही शक्यतो नको, त्याच्यामागे दिवसभर धावावं लागतं. वय झालेलं, शांत, त्यांच्या सवयीचं जनावर बघा." मग त्यांनी विचारलं, "आजींशी बोललात ना?"

मी हो म्हणाले. बोलले नव्हते.

वय झालेलं, शांत, सवयीचं जनावर आईच्या मागच्या दारात रोज येऊन बसत होतं. पिवळट रंगाचा, एक कान फाटलेला गावठी कुत्रा. बाबांच्या दहाव्यानंतर कधीतरी यायला लागला होता. घरात पाऊल टाकायचा नाही. आई भाकरीचा तुकडा द्यायची, तो खायचा आणि तिचं काम होईपर्यंत उंबऱ्याबाहेर पडून राहायचा. तिने त्याला नावसुद्धा ठेवलं नव्हतं. मला त्याच्या अंगावरचे गोचीड तेवढे दिसायचे.

नवं कुत्रं आणायचं ठरल्याचं सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"माले काय करनं शे नवा कुत्रा? एक येस ना दारवर."

"तो काय आपला आहे का?"

"मन्हा नहीं शे. येस, बसस, भाकर खास, चालना जास." ती परत तांदळाकडे वळली. बोलणं संपलं, असं मी धरलं.

पिल्लू सुरतहून आणलं. पांढरं, झुबकेदार, दोन महिन्यांचं. पण त्याआधी त्या गावठी कुत्र्याची सोय लावायला हवी होती, कारण पिल्लाला गोचीड लागले असते. सोय लावणं हा शब्द भावाचा, काम माझं. आई बीपी तपासायला दवाखान्यात गेली होती. लांबच्या खापर गावच्या बाजारात माल घेऊन जाणारा ओळखीचा टेम्पोवाला मी बोलावला. कुत्रा चढेना. मग मी घरातून आईच्या हातची भाकरी आणली आणि टेम्पोत ठेवली. तो लगेच चढला. टेम्पोची मागची फळी लावली तेव्हा तो खात होता.

आई परत आली, तिने मागच्या दारातून कुत्र्याला हाक मारली, वाट पाहिली. "कोठे गया व्हई वं?" तिने मला विचारलं. मी म्हणाले, "गेला असेल कुठे. रस्त्यावरचा तो."

पुढचा आठवडाभर ती दुखऱ्या गुडघ्यांनी स्टेशनच्या दोन्ही बाजू फिरली. चहावाल्याला विचारलं, रुळांवर काम करणाऱ्यांना विचारलं. हे मला शेजारणीने सांगितलं. मी सुरतेत होते.

पिल्लाचं आईने सगळं केलं. अंगणवाडीतल्या पोरांचं करायची तसंच, वेळेवर खाणं, केस विंचरणं, लस. त्यात कुठे कसूर नव्हती. भावाने तिच्या मांडीवर पिल्लू ठेवून काढलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, "आईला सोबत मिळाली" असं लिहून. आम्हा दोघांचं खूप कौतुक झालं. फोटोत आईचा हात पिल्लावर नव्हता, बाजूला जमिनीवर टेकलेला होता. पिल्लू प्रत्येक गाडीला भुंकायचं. तिची दुपारची झोप गेली. तिने ते मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चार महिन्यांनी टेम्पोवाला तिला बाजारात भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, "मावशी, तुमना तो कुत्रा खापरले सोडा मी." कुत्रा खापरला सोडून आलो, यात त्याच्या लेखी लपवण्यासारखं काही नव्हतं.

आई एसटीने खापरला गेली. बाजाराच्या दिवशी, एकटी, तीन वेळा. बहात्तराव्या वर्षी, दोन गाड्या बदलून. कुत्रा सापडला नाही. तिसऱ्या खेपेनंतर मी घरी गेले, तेव्हा ती मला म्हणाली, "तू त्याले भाकर दाखाडीसन चढावं ना?"

भाकरीचं आमिष दाखवल्याचंही टेम्पोवाल्याने सांगितलं होतं. मी मान हलवली. स्वच्छता, रोग, तिची तब्येत, पिल्लू, सगळं बोलले. माझं संपल्यावर ती म्हणाली, "तो मन्हाकडे सोताहून येये. तुम्हले कोनी सांगं व्हतं मन्हं एकलंपन मोजाले?"

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा पिल्लाचं ताट, कंगवा, लशीचं कार्ड तिने पिशवीत भरून ठेवलं होतं. "हाई तुन्हं शे. तू लई जाय."

गाडीत पिल्लू माझ्या पायाशी थरथरत बसलं होतं. आता सुरतच्या फ्लॅटमध्ये मी ऑफिसला गेले की दिवसभर दार ओरबाडतं. भाऊ म्हणतो, आईचा स्वभावच विचित्र, तिच्यासाठी कितीही करा. आधी मीही असंच म्हणायचे. आता म्हणवत नाही.

आई बरी आहे. मागच्या दाराशी आता कुणी येत नाही, आणि कुणी आलंच तर ती दार लोटून घेते. मी जाते तेव्हा जेवायला वाढते, गाडीची वेळ विचारते. पूर्वी मी निघताना ती आणखी एक दिवस राहा म्हणायची. ते तिने सोडलं आहे.